झोपताना १३५, उठताना १९०: सेन्सरचा रात्रीचा आलेख कसा वाचावा?

अर्धविराम

मला टाइप २ मधुमेह होऊन ११ वर्षे झाली आहेत. दिवसातून दोनदा मेटफॉर्मिनची गोळी आणि गेली दोन वर्षे रात्री इन्सुलिनचे एक इंजेक्शन, असे माझे उपचार चालू आहेत. कागदावर नुसते 'रात्री' असे लिहिलेले असल्यामुळे आणि जेवणाला जोडून घेतले की विसरले जात नाही म्हणून मी ते इंजेक्शन ८ वाजता, ताटावर बसण्यापूर्वी घेतो. दिवसाची साखर बरी असते. खरा त्रास उपाशीपोटीच्या साखरेचा आहे. झोपताना १३० ते १४० असलेला आकडा सकाळी ७ वाजता १८० ते २०० झालेला असतो, आणि मधल्या आठ तासांत पाण्याखेरीज काहीही पोटात गेलेले नसते. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत. या सकाळच्या आकड्यापायी वर्षभरात माझे इन्सुलिन १४ युनिटांवरून २४ युनिटांवर गेले, पण आकडा जागचा हलला नाही.

म्हणून या वेळी दंडावर साखर सतत नोंदवणारा सेन्सर लावून घेतला. त्याच्या १३ रात्री आता हाताशी आहेत, आणि त्या पाहून मी पहिल्यापेक्षा अधिकच गोंधळलो आहे. आठ रात्री साखर ११ वाजता १३५च्या आसपास असते, हळूहळू उतरत ३ वाजता ९०च्या जवळ येते, ४ नंतर चढू लागते, ६ वाजता १५० आणि ७ वाजता १८५ होते. चार रात्री चित्र अगदी वेगळे आहे. त्या रात्री ११ वाजता १५० असते, १ वाजता २२५, ३ वाजता २४०, आणि तिथून ती फारशी न उतरता सकाळी २१० वर थांबते. उरलेल्या एका रात्री २ वाजून १० मिनिटांनी अलार्म वाजला, फोनवर ५८ दिसले, मी घाबरून हाताला लागेल ते खाल्ले आणि सकाळी २४६ झाली.

मोठ्या भावाला हे सांगितले तेव्हा तो ठामपणे म्हणाला, की रात्री साखर पडते म्हणून शरीर ती उसळवते, तेव्हा डोस कमी कर. मेहुणे म्हणतात, की सकाळची साखर जास्त म्हणजे इन्सुलिन अपुरे, तेव्हा सरळ चार युनिटे वाढव. दोघेही मधुमेही आहेत आणि दोघेही स्वतःच्या अनुभवावरून बोलत आहेत. डॉक्टरांची पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. सेन्सरसोबत जो एकत्रित अहवाल मिळतो, त्यात मधली रेषा रात्रभर १४० ते १५०च्या दरम्यान जवळजवळ सपाट दिसते आणि पहाटे वर वळते, म्हणजे त्यावरूनही काही बोध होत नाही. शिवाय काल सकाळी सेन्सरने १९० दाखवले आणि बोटाला टोचून पाहिले तर १७२ आले. मग या यंत्रावर विश्वास तरी किती ठेवावा?

टिपणवही

मी टाइप १ मधुमेहासह २६ वर्षे काढली आहेत आणि त्यातली गेली काही वर्षे दंडावर सेन्सर आहे. त्यामुळे माझे उपचार तुमच्यापेक्षा वेगळे असले, तरी रात्रीचे आलेख मी पुष्कळ वाचले आहेत. सर्वांत आधी तो एकत्रित अहवाल बाजूला ठेवा. तुमच्या आकड्यांवरून त्यातली मधली रेषा म्हणजे प्रत्येक वेळेच्या सर्व रात्रींच्या आकड्यांची सरासरी दिसते. तुमच्याकडे ३ वाजता काही रात्री ९० आणि काही रात्री २४० असतील, तर या दोन टोकांच्या मध्ये काढलेली रेषा तुम्ही एकाही रात्री प्रत्यक्षात जगलेला नाही. अहवाल खोटा नसतो, पण तो एकाच स्वभावाच्या रात्रींना लागू पडतो. तुमच्याकडे दोन वेगळ्या स्वभावांच्या रात्री एकाच पातेल्यात ढवळल्या गेल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करा आणि प्रत्येक रात्रीपुढे एवढेच लिहा, की चढ नेमका किती वाजता सुरू झाला.

चढाची वेळ बहुतेक वेळा कारणाकडे बोट दाखवते. जेवणानंतर दोन-तीन तासांनी सुरू होऊन मध्यरात्रीनंतरही टिकणारा चढ हा जेवणाचा असतो. विशेषतः स्निग्ध आणि प्रथिनयुक्त पदार्थ जास्त असले, की जठर सावकाश रिकामे होते आणि साखर तीन ते पाच तासांनी, कधी त्याहूनही उशिरा वर येते. तुमच्या चार रात्री याच प्रकारच्या दिसतात. त्या दिवशी तुम्ही किती वाजता आणि काय जेवला होतात, हे आठवून पाहा. माझा अंदाज असा, की त्या चारही रात्री जेवण उशिरा तरी झाले असेल किंवा जड तरी असेल.

३ ते ४ नंतर सुरू होणारा चढ ही निराळी गोष्ट आहे. रात्रभर यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असते. पहाटेकडे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते, झोपेच्या सुरुवातीच्या तासांत स्रवलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणामही तोवर जाणवू लागतो, आणि या दोन्हींमुळे इन्सुलिनची मात्रा तेवढीच राहूनही त्याचे काम कमी होते. मधुमेह नसलेल्या माणसाचे स्वादुपिंड त्या वेळी गुपचूप थोडे जास्त इन्सुलिन सोडते, म्हणून त्याला याचा पत्ताही लागत नाही. पहाटेच्या या वाढीला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८१ मध्ये.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याविषयी. ती कल्पना मायकेल सोमोजी या जीवरसायनशास्त्रज्ञाची आहे आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यापासून पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. त्या काळी रात्री ३ वाजता साखर किती होती हे घरी कळण्याची सोयच नव्हती, म्हणून ती खोडून काढणेही अवघड होते. सेन्सर आल्यावर रात्रीचे आलेख तपासले गेले, तेव्हा सामान्यतः असे दिसले, की ज्या रात्री साखर खरोखर पडते त्यानंतरची सकाळ बहुधा खालच्याच आकड्याची असते. तुमच्या आठ रात्रींमध्ये तर ती ९०च्या खाली फारशी गेलेलीच नाही, मग उसळी कशाची मारणार? सकाळी २४६ झाली ती एकाच रात्री, आणि त्या रात्री उसळी शरीराने मारली नव्हती, ती तुम्ही घाबरून खाल्लेल्या पदार्थांची होती.

त्या रात्रीच्या आलेखाकडे मात्र बारकाईने पाहा. रेषा १० ते १५ मिनिटांत कडा कोसळावा तशी खाली आली असेल आणि काही वेळाने तेवढ्याच वेगाने पूर्वीच्या पातळीला येऊन मिळाली असेल, तर बहुधा तुम्ही सेन्सरच्या बाजूवर झोपला होतात. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्वचेखालच्या पेशींमधल्या द्रवातली साखर तो मोजतो, आणि दंड अंगाखाली दाबला गेला, की तिथला रक्तपुरवठा मंदावून आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली की तो परत येतो.

१९० आणि १७२ यांतल्या फरकाने मात्र विचलित होऊ नका. या द्रवात साखर रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटे उशिरा पोहोचते, त्यामुळे साखर चढत असताना सेन्सरने खरे तर कमी दाखवायला हवे. तुमचा जास्त दाखवतो, म्हणजे हा उशिराचा दोष नव्हे, तर यंत्रांचा नेहमीचा फरक आहे. बोटाच्या ग्लुकोमीटरलाही १००च्या वरच्या आकड्यांवर १५ टक्क्यांपर्यंतची सूट मानकांनीच दिलेली आहे. सेन्सर लावल्यानंतरचे पहिले २४ तास मी स्वतः हिशेबात धरत नाही. आणि तुमचा सेन्सर फोन टेकवून वाचायचा असेल, तर त्याच्या पोटात फक्त शेवटचे आठ तास साठतात, म्हणून झोपण्याच्या क्षणी आणि उठल्याबरोबर फोन टेकवा, नाही तर नेमका मधला तुकडाच गायब होतो.

चार युनिटे वाढवावीत का? तुमच्या इन्सुलिनचे नाव कळेपर्यंत मी त्यावर काहीच बोलणार नाही.

घड्याळी_परिचारिका

मी मधुमेहाच्या विभागात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. टिपणवही यांनी शेवटी जे विचारले आहे, तेच मला सर्वांत आधी विचारायचे आहे, पण थोड्या निराळ्या शब्दांत. तुमचे इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ दिसते की दुधासारखे गढूळ? पेन किंवा कुपी थोडा वेळ स्थिर ठेवली, की तळाशी पांढरा थर बसतो का?

हे विचारण्याचे कारण असे, की तुम्ही वर्णन केलेला आठ रात्रींचा आलेख मी कितीतरी लोकांच्या वह्यांमध्ये पाहिलेला आहे, आणि सेन्सर नसलेल्या काळात तो पकडायला आम्हाला लोकांना ३ वाजता गजर लावून उठवावे लागे. दुधाळ दिसणारे एनपीएच इन्सुलिन, ज्याच्या नावातला एच हे अक्षर हान्स ख्रिश्चन हॅगेडॉर्न या डॅनिश वैद्याचे आहे, १९४६ मध्ये तयार झाले आणि आजही जगभर वापरले जाते. ते चांगले औषध आहे, पण त्याचा जोर सगळा वेळ सारखा नसतो. टोचल्यापासून साधारण चार तासांनी तो वाढीला लागतो, पुढचे काही तास सर्वाधिक असतो आणि नंतर ओसरतो. हे इन्सुलिन ८ वाजता घेतले, तर त्याचा भर मध्यरात्र ते ३-४ वाजेपर्यंत येतो, म्हणजे शरीराला इन्सुलिनची गरज रात्रीतल्या सर्वांत कमी असते नेमक्या त्याच वेळी. आणि पहाटे यकृत साखर सोडू लागते तेव्हा हे इन्सुलिन दमलेले असते.

माझा अंदाज बरोबर असेल, तर तुमचे भाऊ आणि मेहुणे दोघेही अर्धे बरोबर आहेत आणि दोघांचाही सल्ला तुम्हाला उपयोगाचा नाही. चार युनिटे वाढवली, तर ३ वाजताचा खड्डा आणखी खोल होईल, आज ९० आहे तिथे कदाचित ६० येईल, आणि ७ वाजताच्या आकड्यात मात्र फारसा फरक पडणार नाही. वर्षभरात १४ची २४ युनिटे होऊनही सकाळ हलली नाही, हेच त्याचे लक्षण आहे. उलट डोस नुसता कमी केला, तर खड्डा भरेल आणि सकाळ आणखी वर जाईल. प्रश्न बहुधा मात्रेचा नसून वेळेचा आहे. अशा वेळी डॉक्टर सहसा इंजेक्शन झोपण्याच्या वेळेवर ढकलतात, म्हणजे त्याचा जोर पहाटेवर येतो, किंवा ग्लार्जिनसारखे सपाट आणि लांब चालणारे स्वच्छ इन्सुलिन सुचवतात. त्यात एनपीएचच्या तुलनेत रात्री साखर पडण्याचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले आहे. बदल करताना सुरुवातीची मात्रा किती ठेवायची हे मात्र तुमचे मूत्रपिंड, वय, इतर गोळ्या आणि जेवणाच्या वेळा पाहूनच ठरते, त्यामुळे ते इथे ठरवू नका. तीन आठवडे थांबूही नका. दवाखान्यात फोन करून 'भेट लवकर हवी आहे' असे सांगण्यापेक्षा 'रात्री ३ वाजता ९० आणि सकाळी ७ वाजता १८५, अशा आठ रात्रींची नोंद आहे' असे सांगा. आकड्यांसह केलेला फोन पुढे पोहोचतो, हा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

एक सावधगिरीही सांगते. दुधाळ दिसणारे प्रत्येक इन्सुलिन एनपीएच नसते. जलद आणि मध्यम इन्सुलिनचे तयार मिश्रणही तसेच दिसते आणि ते जेवणाशी जोडूनच घ्यायचे असते. ते कुणी ११ वाजता घेऊन झोपले, तर अनर्थ होईल. म्हणून वेष्टनावरचे पूर्ण नाव वाचा आणि फोनवर तेच वाचून दाखवा.

दुधाळ इन्सुलिन घेण्यापूर्वी ते एकजीव करावे लागते. पेन दोन्ही तळहातांमध्ये धरून दहा वेळा वळावे, मग दहा वेळा सावकाश उलटे-सुलटे करावे, आणि आतले द्रव सगळीकडे सारखे पांढरे दिसेपर्यंत थांबू नये. काही पेनच्या कुपीत काचेची बारीक गोळी असते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळताना दिसली पाहिजे. जोरजोराने हलवू नये, फेस होतो. हे नीट केले नाही, तर एका दिवशी पातळ पाणी आणि दुसऱ्या दिवशी दाट गाळ टोचला जातो, आणि युनिटे तेवढीच असूनही रात्री वेगवेगळ्या निघतात. टोचल्यावर सुई दहा सेकंद आत राहू द्यावी. आणि पोटावर नेहमीच्या जागी बोटे फिरवून पाहा. तिथे मऊसर गाठ किंवा जाडसर चकती लागली, तर ती जागा काही महिने सोडून द्या, कारण अशा जागेतून इन्सुलिन मनमानी वेगाने रक्तात जाते. गाठ सोडून चांगल्या जागी टोचू लागल्यावर तेवढीच मात्रा अधिक काम करू शकते, म्हणून तेही डॉक्टरांना सांगूनच करावे.

रातकिडा

वरचे दोन्ही प्रतिसाद मला पटतात, फक्त दंड दाबला जाण्याच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते, कारण ते ज्ञान अर्धवट मिळाल्यामुळे मी स्वतः फसलो होतो. मला पहिल्या महिन्यात असे तीन खोटे अलार्म आले. तिन्ही वेळा मी उठून बोटाला टोचले, तिन्ही वेळा शंभराच्या वर आकडा आला आणि माझा समज झाला, की १ ते ३ या वेळेतला अलार्म म्हणजे झोपायची चुकलेली कूस. चौथ्या वेळी मी टोचलेच नाही, कूस बदलली आणि झोपलो. वीस मिनिटांनी पत्नीने मला हलवून उठवले तेव्हा बनियन घामाने अंगाला चिकटले होते, हात थरथरत होते आणि ग्लुकोमीटरवर ४९ होते. त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ पोहलो होतो. व्यायामानंतर स्नायू कित्येक तास साखर ओढत राहतात आणि तो परिणाम मध्यरात्रीही येऊ शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे, की अलार्म खरा की खोटा हे अंथरुणात पडून ठरवायचे नाही. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोजच्या गोळ्या उशाशी, दिवा न लावता हाताला येतील अशा ठेवलेल्या असतात. टोचून ७०च्या खाली आले, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा बोटालाच टोचायचे, कारण साखर सावरताना सेन्सर मागे रेंगाळतो आणि त्याच्याकडे पाहत राहिलो, तर माणूस गरजेपेक्षा दुप्पट खातो. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल आणि टोचण्याइतकेही सुचत नसेल, तर आधी गोळ्या आणि मग तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात काहीही न घालता तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची, हे घरच्यांना सांगून ठेवलेले असावे.

जास्त साखरेच्या अलार्मबाबत मात्र मी बराच सैल झालो आहे. तो मी रात्री १८०वर ठेवत असे आणि एका रात्रीत चार-चार वेळा उठत असे. आता तो रात्रीपुरता २५०वर आहे, कमी साखरेचा मात्र ७०वर कायम. टाइप १ असलेल्यांनी वरचा अलार्म बंद करू नये, कारण त्यांच्यात साखर बराच वेळ वर राहिली, तर कीटोन (शरीर चरबी जाळू लागले की रक्तात साचणारी आम्ले) तपासावे लागतात. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनची परिणामकारकता घटते हे वाचल्यावर मला माझ्या जुन्या १८०च्या अलार्मचे हसूच आले.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

इन्सुलिन दुधाळच निघाले. वेष्टनावर एनपीएच असेच होते, मिश्रण नव्हते. पेन टेबलावर आडवे ठेवलेले होते आणि खालच्या बाजूला पांढरी रेघ बसलेली स्पष्ट दिसत होती. दोन वर्षे मी ते दोनदा झटकून टोचत आलो होतो, कारण सुरुवातीला जिथे शिकवले गेले तिथे घाईत होते आणि मीही घाईत होतो. तळहातांत वळून, उलटे-सुलटे करून पाहिले तेव्हा ती काचेची गोळी प्रथमच नजरेला पडली. पोटावर बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढ्या भागात बोटांना जाडसर लागले. मी उजव्या हाताने टोचतो आणि मला तिथे दुखत नाही, म्हणून इंजेक्शन नेहमी तिथेच होत असे. दुखत का नव्हते, ते आता कळले.

दवाखान्यात फोन करून आकडे वाचून दाखवले. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी उलट फोन केला. त्यांनी इंजेक्शनची वेळ ११ केली, जागा बदलायला सांगितली आणि या दोन्हींमुळे मात्रा २४ वरून २० वर आणली. पहिल्या तीन रात्री ३ वाजता उठून बोटाला टोचायलाही सांगितले. पहिली रात्र चांगली गेली नाही. १ वाजता १९० होती आणि मला वाटले, की झाले, मेहुणेच बरोबर होते. चौथ्या रात्रीपासून घडी बसली. आता साध्या रात्री ११ वाजता १४०, ३ वाजता ११५ ते १२० आणि ७ वाजता १३५ ते १४५ असते. काल १३१ होती. वर्षभरात सकाळी एवढा खालचा आकडा मी पाहिलेला नाही.

त्या चार रात्रींचे कोडेही उलगडले. चारही दिवस आमच्याकडे पाहुणे होते किंवा आम्ही कुणाकडे गेलो होतो, आणि जेवण ९:३० नंतर झाले होते. पाचवी तशी रात्र या आठवड्यात आली. वेळ आणि मात्रा सगळे नवे असूनही साखर ३ वाजता २२८ होती, म्हणजे या रात्रींचा इंजेक्शनशी संबंध नाही हे निदान मला तरी पटले. अलार्मच्या रात्रीचा आलेखही पुन्हा पाहिला. १:५५ला ११२ आणि २:१०ला ५८ अशी उभी घसरण आहे, आणि मी डाव्या कुशीवरच झोपतो. नवा सेन्सर उजव्या दंडावर लावला आहे.

एक शंका उरली आहे. पाहुणे येणार असतील त्या दिवशी दोन-चार युनिटे जास्त घ्यावीत का?

टिपणवही

ते करू नका. तुमचे ११ वाजताचे इन्सुलिन पहाटेसाठी आहे. जेवणाचा चढ १ ते ३च्या दरम्यान असतो आणि वाढवलेली युनिटे त्याला गाठेपर्यंत ४-५ वाजलेले असतात. जेवणाची साखर तोपर्यंत उतरणीला लागली, तर तुमचा जुना खड्डा नव्या वेळेवर खणला जाईल. जेवणासाठीचे इन्सुलिन हे वेगळे, जलद काम करणारे औषध असते, आणि महिन्यातून चार-पाच रात्रींसाठी ते हवे की नको हे डॉक्टरांनी पुढच्या भेटीत पाहावे. तोपर्यंत अशा रात्री स्निग्ध पदार्थांना थोडा हात आखडा, पाहुण्यांसोबत तुमचेही ताट वाढले गेले तरी स्वतःपुरते आधी ८च्या सुमारास थोडे जेवून घ्या, आणि नंतर अर्धा तास पाय मोकळे करा. मला स्वतःला या तिन्हींमध्ये चालण्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला आहे.

घड्याळी_परिचारिका

१३१ वाचून फार बरे वाटले. ११ वाजता इंजेक्शन घ्यायचे म्हणजे टीव्हीपुढे डुलकी लागली की ते राहून जाणार, हे मी गृहीतच धरते. तेव्हा फोनवर १०:५०चा गजर लावा. एखाद्या रात्री खरोखरच राहिले आणि २ वाजता जाग आली, तर पूर्ण मात्रा टोचून झोपू नका. अशा वेळी काय करायचे हे आत्ताच डॉक्टरांना विचारून पेनच्या डबीवर लिहून ठेवा.